काचेच्या पडवीच्या वरची पन्हळ साफ करायचीय, पण तिथवर पोचायचं कसं?

ओलीभिंत:

दुमजली घराच्या मागच्या भिंतीला लागून काचेची पडवी आहे, कन्झर्व्हेटरी म्हणतात तशी. बाजूंना काच, वर १६ मिमी जाडीचे पोकळ पॉलिकार्बोनेटचे पत्रे, उतार एकाच बाजूला. घराच्या छपराची पन्हळ नेमकी या पडवीच्या डोक्यावर येते. जोराचा पाऊस आला की पाणी पन्हळीच्या काठावरून सरळ पत्र्यावर आदळतं.

मापं देतो, म्हणजे अंदाज येईल. पन्हळ जमिनीपासून ५.५ मी. उंच. पडवी भिंतीपासून ३.५ मी. पुढे आलेली आणि ४ मी. रुंद. पत्र्याची उंची भिंतीशी ३.२ मी., पुढच्या काठाशी २.३ मी. पन्हळ पीव्हीसीची, अर्धगोल, ११२ मिमी, एकूण ९ मी. लांब. त्यातले डावीकडचे ५ मी. मोकळ्या जागेवर, उजवीकडचे ४ मी. पडवीवर. उभा पाइप अगदी डाव्या टोकाला आहे. पडवीच्या डाव्या बाजूला ऐसपैस मोकळी जागा, उजवीकडे कुंपणाच्या भिंतीपर्यंत फक्त ६० सेंमी. वरच्या मजल्याची एक खिडकी साधारण पडवीच्या मधोमध उघडते.

डोक्यात चार पर्याय आहेत: पत्र्याखालच्या ॲल्युमिनियमच्या बारांवर फळी टाकून चढणं, पडवीसमोरून लांब शिडी लावणं, खिडकीतून हात घालणं, किंवा जमिनीवरून लांब काठीने काहीतरी करणं. यातलं काय चालेल आणि काय साफ बाद?

ओळंबा:

पहिले दोन बाद. तिसरा जवळजवळ बाद.

फळीचं आधी बघू. १६ मिमीचा पोकळ पत्रा म्हणजे दोन पातळ कातड्या आणि मध्ये उभ्या भिंती. तो वारा, पाऊस, बर्फ असं पसरलेलं वजन घेतो. पाय दिला की तो चेपतो, बारांतून निसटू शकतो किंवा फुटू शकतो. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेला असेल तर ठिसूळही झालेला असतो. “पण मी बारवर उभा राहीन” असं वाटतं खरं. बारचं गणितही वेगळं असतं. पसरलेल्या वजनाने बारवर वाकवणारा जेवढा जोर येतो, त्याच्या दुप्पट जोर तेवढंच वजन मधोमध एका जागी दिल्यावर येतो. ८० किलोचा माणूस, हातात भरलेली बादली, आणि हे सगळं एका-दोन बारांवर. शिवाय बारवरची पीव्हीसीची टोपी नुसती खटक्याने बसवलेली असते. तिच्यावर शेवाळाचा थर, त्यावर फळी, आणि खाली उतार. फळी आधी सरकते, मोडायची वेळ त्यानंतर येते.

समोरून शिडी. शिडीचा नियम चारास एक: ४ मी. उंचीला पाया १ मी. बाहेर, म्हणजे जमिनीशी सुमारे ७५ अंश. तुमच्या मापांत शिडीला पडवीचा पुढचा काठ २० सेंमी मोकळा सोडून पन्हळीपर्यंत न्यायची, तर पाया भिंतीपासून जवळजवळ ६.४ मी. बाहेर येतो. कोन निघतो ४० अंशांच्या आसपास, शिडी लागते ८ मी. पेक्षा लांब. ती शिडी राहत नाही, पूल होतो. माणूस मध्यावर गेला की ती खाली वाकून पत्र्यावर टेकते, आणि पाया मागे सरकतो तो वेगळाच. कागदावर रेघ मारून बघा, लगेच दिसेल.

खिडकी: पाय खोलीतल्या जमिनीवर, कमरेवरचं अंग आत, हातात मीटरभराची काठी आणि काठीला टोकदार थापी, एवढंच चालेल. खिडकीच्या चौकटीवर बसणं, उभं राहणं, “मागून मला धरून ठेव” म्हणणं यांतलं काहीही नाही. धरणारा माणूस तोल गेलेल्याला थांबवू शकत नाही, तोही सोबत जातो. पाठीला पट्टा आणि दोर बांधायचा विचार असेल तर दोर कशाला बांधणार, हा प्रश्न आधी सोडवा. पलंगाचा पाय किंवा भिंतीवरचा पाइप हा आधार नव्हे.

राहिला काठीचा मार्ग. तुमच्या जागेला तोच योग्य. पन्हळीचे डावीकडचे ५ मी. मात्र शिडीवरूनच करा, ते स्वस्तात आणि नीट होतं. शिडी पन्हळीवर टेकवायची नाही. पीव्हीसीची पन्हळ बाजूने दाबली की ब्रॅकेटमधून निसटते आणि शिडी घसरते. शिडीच्या वरच्या टोकाला भिंतीवर टेकणारी आडवी चौकट लावा, म्हणजे शिडी भिंतीपासून हातभर दूर राहील आणि पन्हळ समोर मोकळी दिसेल. पाया सुमारे १.४ मी. बाहेर. वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन्ही दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे. ते बाहेर गेलं की खाली उतरून शिडी सरकवायची वेळ झाली.

पागोळी:

ओळंबा यांनी पाया घातला आहे, मी काठीच्या कामाचा तपशील देतो. काठी म्हणजे खरं तर पोकळ नळी: ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम जमिनीवर, त्याचा होज नळीच्या बुडाला, नळीच्या टोकाला वळलेली मान आणि कॅमेरा.

उभं कुठे राहायचं हे बहुतेक जण उलटं करतात. माणूस पडवीला चिकटून उभा राहतो, कारण तेवढं जवळ वाटतं. तुमची मापं घालून बघा. हात १.२ मी. उंचीवर, मान पन्हळीच्या ३० सेंमी वर, म्हणजे ५.८ मी. पुढच्या काठापासून १ मी. लांब उभं राहिलं, तर काठाशी नळीची उंची २.२ मी. भरते. काठ आहे २.३ मी. म्हणजे नळी पडवीच्याच पन्हळीला घासते. २ मी. मागे गेलं की काठाशी नळी २.८७ मी. वर असते, अर्धा मीटर मोकळं. नळी लागते ७.२ मी., कोन ४० अंश. दीड मीटरचे पाच तुकडे जोडले की ७.५ मी., पुरेसं.

डाव्या बाजूने हेच काम सोपं जातं, कारण नळी थोडी उभी राहते. पडवीच्या डाव्या भिंतीपासून २ मी. वर उभं राहायचं. तिथून पडवीच्या मध्यापर्यंत, म्हणजे आत २ मी., ६.१ मी. नळी लागते आणि ३.२ मी. उंचीचा कोपरा ३० सेंमीने चुकतो. त्यापलीकडे गेलात की नळी कोपऱ्याला टेकणार. उजवीकडे ६० सेंमीत उभं राहून काहीच होत नाही. म्हणजे आपोआप वाटणी झाली: पडवीवरचा डावा अर्धा भाग डावीकडून, उजवा अर्धा समोरून.

आता खरेदी करताना किंवा भाड्याने आणताना फसायच्या तीन जागा.

एक, मान. तयार मिळणारी मान बहुधा जवळजवळ उभ्या नळीसाठी वळवलेली असते. तुमची नळी ४० अंशांत येणार. ठरावीक वळणाची मान लावली तर तोंड खाली न जाता पन्हळीच्या पुढच्या काठावर आतून आपटत राहतं. कोन बदलता येणारी मान घ्या आणि सुमारे १३० अंशांचं वळण ठेवा.

दोन, तोंडाची जाडी. छपराची कौलं पन्हळीवर साधारण पाच सेंमी पुढे आलेली असतात. ११२ मिमीतले उरतात ६० मिमी. त्यात ५० मिमीची नळी जेमतेम शिरते आणि मग हलत नाही. टोकाचा शेवटचा हातभर भाग ३८ मिमीचा हवा. तोंड रबराचं असेल तर ४५ अंशांत तिरकं कापा, नाहीतर ते तळाला चिकटून बसतं.

तीन, ओढण्याची ताकद. चांगला व्हॅक्यूम २२० ते २५० मिलिबार ओढतो. म्हणजे पाण्याचा सलग स्तंभ सव्वादोन ते अडीच मीटर. तुमची पन्हळ साडेपाच मीटरवर, पण तिथून पाणी खालीच यायचंय असं म्हणाल, तर अडचण वळणाच्या चढावर आणि नळी तुंबल्यावर येते. तोंड गाळात पूर्ण बुडवलं की हवा बंद, आणि नळीत नुसताच जड लपका अडकून बसतो. गाळ वाहून नेणारी गोष्ट म्हणजे वेगाने धावणारी हवा. म्हणून तोंड अर्धं बुडवायचं, घुटका घ्यायचा, वर उचलायचं, पुन्हा घुटका. मोटरचा आवाज चढला आणि होज थरथरायचा थांबला की अडकलं समजा.

कामाचा क्रम असा:

नळी आडवी धरून वर उचलायची नाही. मोकळ्या जागेत, पडवीपासून दूर, उभी जोडायची, आणि उभीच ठेवून जागेवर आणायची. मग हळूहळू झुकवत मान पन्हळीवर न्यायची. आडवी सात मीटरची नळी उचलताना तिचं निम्मं वजन मनगटावर नाही, तरफेने पाठीवर येतं, आणि टोक नेमकं पत्र्यावर आपटतं. परत काढतानाही आधी उभी, मग बाजूला.

दोन माणसं. एक नळीवर, दुसरा कॅमेऱ्याच्या पडद्यावर आणि आजूबाजूला नजर ठेवून. पडवीच्या आत त्या वेळी कुणीही नको, दारावर दोरी बांधून टाका.

विजेच्या तारा. कार्बन फायबरमधून वीज वाहते, ॲल्युमिनियममधून तर वाहतेच. घराकडे येणारी उघडी तार नळीच्या टप्प्यात असेल तर हा मार्ग तिथेच संपला. व्हॅक्यूमच्या जोडणीला विजेची गळती झाली की ती तोडणारं ३० मिलिअँपिअरचं संरक्षण असू द्या, कारण पाणी, वीज आणि ओली जमीन तिन्ही एका जागी येतात.

सुरुवात निकासापासून. आधी शिडीवरून डाव्या टोकाचं उभ्या पाइपचं तोंड मोकळं करा, त्यात तारेची टोपी बसवा, म्हणजे गाळ पाइपात जाणार नाही. पन्हळीतलं साठलेलं पाणी निघून गेलं की गाळ पडवीवरच्या भागातून ओढा. अर्धी भरलेली ४ मी. पन्हळ म्हणजे सुमारे १० लिटर गाळ, ओला असताना १२ ते १५ किलो. टाकी दोनदा तरी रिकामी करावी लागेल.

गवत, रोपं, शेवाळाच्या गाद्या उगवल्या असतील तर त्या ओढल्या जात नाहीत. आधी आकड्याने मोकळ्या करून लहान तुकडे करायचे. आकडा पुढच्या काठाला अडकवून नळी खाली ओढायची नाही, ब्रॅकेट तुटतो.

शेवटचं: दिवस कोरडा आणि वारा नसलेला. गाळ मात्र किंचित ओलसर असलेला बरा. वाळून खडखडीत झालेला गाळ धुळीसकट उडतो आणि त्यात पक्ष्यांची विष्ठा असते. हातमोजे, गॉगल, एफएफपी२ मास्क.

चौथीपायरी:

वर सगळे पडवीच्या छतावर जाणं सरसकट बाद करताहेत, ते थोडं जास्त होतंय. अशा छतांसाठी वेगळी शिडी मिळते. ती छताच्या उतारावर पडून राहते, तिचे रुंद रबरी पाय बारांवर बसतात आणि वजन तीन-चार बारांवर वाटलं जातं. काचेचं छत बसवणारे लोक दुरुस्तीला तीच वापरतात. सगळ्यांनी लांब काठीच घ्यावी असं नाही.

ओळंबा:

मिळते, बरोबर. पण ती वरच्या बाजूला कुठेतरी अडकावी लागते. दोन्हीकडे उतार असलेल्या छतावर माथा असतो, तिथे तिची आकडी बसते. इथे एकतर्फी उतार आहे. वरच्या टोकाला घराची भिंत आणि तिला चिकटवलेली शिशाची किंवा ॲल्युमिनियमची जोडपट्टी. आकडी कशात घालणार? त्या पट्टीत घातली तर पट्टी उचकटते आणि गळती पन्हळीतून नाही, भिंतीतून सुरू होते.

दुसरं, ती शिडी छतावरचं काम करण्यासाठी आहे. इथे काम छतावर नाही, छताच्या २.३ मी. वर आहे. म्हणजे त्या आडव्या शिडीवर दुसरी शिडी उभी करायची. तसं करायचं नाही.

आणि छत बनवणाऱ्याने लेखी सांगितल्याशिवाय बारवर माणसाचं वजन द्यायचं नाही. आतल्या बाजूला पोलादी कमान आहे की नुसता ॲल्युमिनियमचा पोकळ बार, हे वरून कळत नाही.

चौथीपायरी:

माथ्याचा मुद्दा मान्य. एकतर्फी उतार माझ्या वाचण्यातून सुटला.

ओलीभिंत:

फारच उपयोगी. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पाणी सगळीकडून ओसंडत नाही. सर्वांत जोर पन्हळीच्या उजव्या टोकापासून साधारण १ मी. वर असतो. आणि पाऊस थांबल्यावर तासाभराने सुद्धा त्याच जागी टपटप चालू असते. गाळ काढला की हे थांबेल ना?

लाइनदोरी:

बहुतेक थांबणार नाही. गाळ काढाच, पण ही तक्रार सांध्याची आहे.

पीव्हीसीची पन्हळ ४ मीटरच्या लांबीत येते. ९ मी. भरायला बसवणारा निकासाकडून सुरुवात करून ४, मग ४, मग १ असे तुकडे लावतो. दुसरा सांधा डाव्या टोकापासून ८ मी. वर, म्हणजे उजव्या टोकापासून बरोबर १ मी. तुमची टपटप तिथेच.

पाणी कुठून आणि कधी पडतं यावरून बरंच कळतं. निकासाजवळ तुंबलं असेल तर पन्हळ डाव्या टोकाकडून भरत येते आणि सगळ्या लांबीत ओसंडते. मध्येच एका पट्ट्यात ओसंडत असेल तर तिथे ब्रॅकेट खाली बसलाय किंवा गाळाचा बांध झालाय. पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात थांबणारी टपटप म्हणजे रबर दमलंय, पण उतार ठीक आहे. तासभर चालणारी टपटप म्हणजे सांध्यापाशी पाणी साचून राहतंय: रबरही गेलं आणि उतारही. आणि पाणी पन्हळीच्या मागून भिंतीवर उतरत असेल तर छपराखालचा वळचणीचा कागद कुजलेला असतो. तो प्रकार तुम्ही लिहिलेला नाही, तरी भिंतीच्या वरच्या हातभर भागात ओल आहे का बघा.

उतार किती हवा? ३५० ला १ धरला तर मीटरमागे जवळजवळ ३ मिमी. ९ मीटरला उजवं टोक डाव्यापेक्षा २६ मिमी वर. याहून फार जास्त दिला तर पन्हळीचं एक टोक कौलांपासून इतकं खाली जातं की जोराचं पाणी तिच्यावरून उडी मारतं. ब्रॅकेट एकमेकांपासून १ मी. पेक्षा लांब नको, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना जवळ एकेक हवा. सांध्याजवळचा ब्रॅकेट तुटलेला असणं हे याचं नेहमीचं कारण.

रबर का जातं? पीव्हीसी उन्हाने वाढतं. ४ मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाला सुमारे ७ मिमी लांब होतो. सांध्याच्या आत खूण केलेली असते, तुकडा त्या खुणेपर्यंतच ढकलायचा, त्यापलीकडची जागा या वाढीसाठी. बसवणाऱ्याने तुकडा शेवटपर्यंत ठोकून बसवला तर उन्हाळ्यात पन्हळ कमान धरते, थंडीत सांध्यातून मागे सरते, आणि दर खेपेला रबर घासलं जातं. वरून सिलिकोन लावून हे बंद होत नाही. ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतं, आणि सांधा पुन्हा उघडायचा झाला की खरवडत बसावं लागतं.

काठीने खात्री अशी करा. गाळ काढून झाला की पाण्याचा होज काठीने वर नेऊन उजव्या टोकाला हळू धार सोडा, पाचेक मिनिटं. बंद करा. दहा मिनिटांनी कॅमेरा फिरवा. तळाला नुसती ओल असेल तर ठीक. बोटाच्या पेराएवढं पाणी साचलेलं दिसलं तर तो भाग खाली बसलाय. धार सोडताना सांध्याच्या खालून कुणीतरी बघा, नेमकं कुठून थेंब सुटतो.

ओलीभिंत:

म्हणजे शेवटी हात तिथे पोचावाच लागणार. मग परांची?

लाइनदोरी:

हो, आणि एकदाच. पडवीवर परांची उभी करायची नेहमीची रीत म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मनोरा आणि मध्ये जाळीदार तुळयांचा पूल. तुमच्याकडे उजवीकडे ६० सेंमी. नेहमीचा अरुंद मनोराही साधारण ८५ सेंमी असतो, तो तिथे बसत नाही. उरतात दोन मार्ग. नळ्यांची परांची: पुढच्या बाजूचे खांब पडवीच्या पुढे, उजव्या बोळात एकेरी नळ्यांची ओळ, आणि तुळया पडवीच्या वरून भिंतीकडे. हे वजनाचं गणित करून आखायचं काम आहे, परांचीवाल्याकडूनच करून घ्या. दुसरा मार्ग, पाळण्याची लिफ्ट, पाय पसरणारी छोटी. डावीकडे उभी केली तर तिला आडवी पोच ६ मी. च्या आसपास लागेल, आणि पायांखालची जमीन टणक हवी. फरशीखाली जुनी टाकी किंवा चेंबर असेल तर आधी शोधून ठेवा. पाळण्यात चढलं की पट्टा पाळण्याच्या कडीलाच, भिंतीला किंवा पन्हळीला नाही.

परांची घेतली तर बघायच्या गोष्टी: पडवीच्या काचेवर, पत्र्यावर, चौकटीवर एकही नळी टेकलेली नको. चालायची फळी पन्हळीच्या साधारण १ मी. खाली, म्हणजे काम कमरेच्या उंचीवर येतं. कठडा किमान ९५ सेंमी, मध्ये दुसरी आडवी नळी. कडेला १५ सेंमीची उभी फळी, कारण तिच्याशिवाय स्क्रूड्रायव्हर खाली पडतो आणि पत्र्याला भोक पडतं. खांबांखाली लोखंडी तळपट्टी आणि तिच्याखाली लाकडी फळी.

वर गेल्यावर फक्त रबर बदलून उतरू नका. तुकड्यांची मांडणीच उलटी करा. उजव्या टोकाकडून सुरुवात करून पहिला अखंड ४ मीटरचा तुकडा पडवीवर, मग ४ मी., मग निकासाकडे १ मी. आता सांधे डावीकडून ५ मी. आणि १ मी. वर आले. पहिला पडवीच्या अगदी काठाशी, दुसरा मोकळ्यावर. दोन्ही डावीकडच्या शिडीवरून हाताला लागतात. पडवीवर सांधा एकही नाही. साहित्य काही फार नाही: ४ मी. चे दोन तुकडे आणि १ मी. चा एक (जुने चिरलेले नसतील तर तेच), दोन नवे सांधे रबरासकट, दहा-बारा ब्रॅकेट, उजव्या टोकाची टोपी. लाइनदोरी उजव्या टोकाच्या ब्रॅकेटपासून निकासापर्यंत ताणून २६ मिमीचा उतार खुणा करून घ्या, मगच मधले ब्रॅकेट ठोका. रबरावर सिलिकोनचा फवारा चालतो. तेल किंवा पेट्रोलियमचं ग्रीस नको, रबर फुगतं, आणि ते खाली ठिबकलं तर पॉलिकार्बोनेटलाही बाधतं.

जुनी पन्हळ राखाडी, जाड, सिमेंटसारखी असती तर सल्ला वेगळा असता. तशा पन्हळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती खरवडायची किंवा कापायची नाही. तुमची पीव्हीसी आहे, प्रश्न नाही.

पागोळी:

तुकडे उलटे लावायची कल्पना झकास आहे. परांची असतानाच पन्हळीत ब्रश बसवून घ्या, बाटली धुवायच्या ब्रशासारखा लांबलचक, १०० मिमी व्यासाचा, ४ मी. फक्त पडवीवरच्या भागात. पानं वर अडकतात आणि वाऱ्याने उडून जातात. बारीक गाळ आणि कौलांची खर मात्र खाली उतरतेच, म्हणून दोन-तीन वर्षांनी ब्रश काढून झटकावा लागतो. जाळी लावू नका असं मी म्हणेन. जाळीवर ओली पानं पापुद्र्यासारखी चिकटतात, तिच्यावरून पाणी घसरून थेट पुढे, म्हणजे परत पत्र्यावर. स्पंजाचे तुकडे तर त्याहून वाईट, त्यात रोपं उगवतात.

ओलीभिंत:

आणि पत्र्यावर पडलेला गाळ? आत्ताच हिरवट काळे ओघळ आहेत. प्रेशर वॉशर चालेल?

पागोळी:

नाही. पोकळ पत्र्याचं वरचं टोक ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद असतं, खालचं टोक हवा जाऊ देणाऱ्या पट्टीने. दाबाचं पाणी त्या पट्ट्या उचलतं आणि पोकळ्यांत शिरतं. मग आत शेवाळ धरतं, ते कधीच धुता येत नाही. बारांच्या टोप्याही उडतात.

काम सुरू करण्याआधी पत्र्यावर ताडपत्री अंथरून घ्या, म्हणजे ओघळ वाढणार नाहीत. दोरी नळीच्या टोकाने भिंतीच्या कडेने एका बाजूकडून दुसरीकडे न्या, तिला ताडपत्री बांधून ओढा. दगड बांधून दोरी फेकायची नाही. उजव्या बोळात दोरी धरायला माणूस उभा राहू शकतो, तेवढ्याला ६० सेंमी पुरतात.

नंतर जमिनीवरून, पाणी सोडणाऱ्या लांब काठीच्या मऊ ब्रशाने, कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण. आधी नुसत्या पाण्याने वाळू आणि खर वाहून जाऊ द्या, लगेच घासलं तर तीच वाळू पत्र्यावर ओरखडे पाडते. वरच्या बाजूला ऊन अडवणारा पातळ थर असतो, तो एकदा खरवडला की पत्रा पिवळा पडायला लागतो. थिनर, ॲसिटोन, अमोनियाचा काच पुसायचा द्रव यांतलं काहीच नको. पॉलिकार्बोनेटला त्यांनी केसासारख्या बारीक चिरा पडतात. भर उन्हात धुऊ नका, साबण वाळून डाग राहतात.

आणि धुताना पडवीच्या स्वतःच्या पन्हळीत वरून आलेला सगळा गाळ जमा होईल. ती २.३ मीटरवर आहे, घोड्याच्या शिडीवरून हाताने काढता येते. तिचा पाइप आधी बघा. वरच्या पन्हळीतून ओसंडलेलं पाणी इतके दिवस तिथेच गेलंय, तो अर्धा भरलेला असणार.